मलई: लास वेगासच्या मोजणीच्या खोलीचा इतिहास

शिवथर

अमेरिकन कॅसिनोंचा विषय निघाला की गाडी बग्सी सीगल हा गुंड, गोळीबार आणि वाळवंटात पुरलेली प्रेतं इथेच अडकते. त्यात खोटं फारसं नाही, पण त्यातून धंदा कळत नाही. धंदा समजून घ्यायचा तर मागच्या दाराने मोजणीच्या खोलीत शिरायला हवं. परवाना कोणाच्या नावावर आहे यापेक्षा गल्ला कोण मोजतं, हे बघितलं की १९३१ पासून १९८५ पर्यंतचा वेगास उलगडत जातो.

आधी कायदा. नेवाडाने १९ मार्च १९३१ रोजी जुगार कायदेशीर केला. मंदीचे दिवस, खाणी बसलेल्या, हूवर धरणाचं काम नुकतंच सुरू होत होतं. विधेयक आणणारा फिल टोबिन हा गुरं पाळणारा तरुण आमदार. त्या कायद्यात शुल्क नगामागे होतं: टेबलाला महिन्याला २५ डॉलर, स्लॉट मशीनला १०. टेबलावर दिवसाला किती सुटले याच्याशी सरकारला काही घेणं नव्हतं, टेबलं मोजली की काम झालं. १९४५ साली राज्याने कॅसिनोच्या एकूण कमाईवर १ टक्का कर बसवला आणि गल्ल्याचा आकडा ही सरकारी बाब झाली. केंद्राचा आयकर वेगळाच. म्हणजे खरा आकडा लपवण्यात आता दुहेरी फायदा होता.

लास वेगासमधला पहिला परवाना फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या नॉर्दर्न क्लबला मिळाला, तो मेमी स्टॉकर या बाईंच्या नावावर. नवरा रेल्वेत नोकरीला होता. असल्या धंद्यावर त्याचं नाव लागलं असतं तर नोकरीवर गदा आली असती. म्हणून क्लब बाईंच्या नावावर, आणि मुलांना हाताशी धरून चालवायच्याही त्याच. कागदावरचं नाव आणि त्यामागचं कारण वेगळं असणं हे या शहरात पहिल्या दिवसापासून आहे.

आता प्रत्यक्ष खोली. प्रत्येक टेबलाखाली कुलूपबंद पेटी असते. खेळाडूने नोट दिली की डीलर ती टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी पसरतो, तेवढ्या चिप्स देतो आणि चपट्या पट्टीने नोट फटीतून पेटीत ढकलतो. पेटीत पडलेल्या या रकमेला ‘ड्रॉप’ म्हणतात. पाळी संपली की पेटी काढून रिकामी लावायची, भरलेली मोजणीच्या खोलीत न्यायची. टेबलाची कमाई अशी काढतात:

पेटीतली रोकड आणि उधारीच्या चिठ्ठ्या, अधिक पाळी संपतानाच्या चिप्स, अधिक टेबलावरून तिजोरीकडे परत गेलेल्या चिप्स, वजा पाळी सुरू होतानाच्या चिप्स, वजा मध्ये तिजोरीतून टेबलावर आलेल्या जादा चिप्स, म्हणजे भरणा.

उदाहरण घेऊ. सुरुवातीला २०,००० च्या चिप्स, शेवटी १४,००० च्या, मध्ये १०,००० चा भरणा आला, परत काही गेलं नाही, पेटीत २६,००० निघाले. २६ आणि १४ मिळून ४०, त्यातून २० आणि १० गेले, कमाई १०,०००. हे गणित डोक्यात ठेवा, कारण मलई काढण्याचे, म्हणजे हिशेबात येण्याआधीच गल्ल्यातला पैसा गुपचूप उचलण्याचे, सगळे मार्ग यातल्या एकेका आकड्याला हात घालतात.

निळीशाई

छान सुरुवात. एक विचारते: वेगास वसवलं ते सीगलनेच ना? तो मधून वगळता कसा येईल?

दुर्बीण

निळीशाई, सीगलच्या आधी तिथे बरंच काही उभं होतं. आज ज्याला स्ट्रिप म्हणतात त्या रस्त्यावर पहिलं हॉटेल-कॅसिनो एल रँचो वेगास, १९४१, टॉमस हल यांचं. पुढच्याच वर्षी लास्ट फ्रंटियर. सीगलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्लमिंगो या हॉटेल-कॅसिनोची कल्पनाही सीगलची नव्हे. हॉलिवूडमध्ये वृत्तपत्र चालवणारे बिली विल्करसन यांनी ते बांधायला घेतलं. पैसा संपला, तेव्हा सीगल आणि त्याच्यामागची मंडळी आत शिरली आणि विल्करसन बाहेर फेकले गेले.

सीगलची चूक धंद्याच्या अंगाने बघण्यासारखी आहे. युद्ध नुकतंच संपलेलं, लोखंड-लाकूड-तांब्याचा तुटवडा, चढ्या भावाने माल उचलला आणि खर्च ६० लाख डॉलरच्या घरात गेला. २६ डिसेंबर १९४६ ला कॅसिनो उघडला तेव्हा हॉटेलच्या खोल्याच तयार नव्हत्या. परिणाम असा की लोक खेळायचे आणि झोपायला दुसरीकडे जायचे. जिंकलेला माणूस त्याच छताखाली मुक्काम करेल, उद्या सकाळी परत टेबलावर येईल, यावर हॉटेल-कॅसिनोचं सगळं गणित उभं असतं. जिंकून तो बाहेर पडला की ते पैसे गेले. जानेवारीअखेर बंद करावं लागलं, मार्चमध्ये पुन्हा उघडलं, आणि २० जून १९४७ ला सीगलचा बेव्हर्ली हिल्समध्ये खून झाला. त्यानंतर ताबा घेणाऱ्यांत गस ग्रीनबाम होते. धंदा चालवण्यात ते सीगलपेक्षा फार सरस निघाले आणि फ्लमिंगो नफ्यात आलं ते त्यांच्या हाताखाली. त्यांचं नाव आज कोणाला आठवत नाही, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे. १९५८ मध्ये त्यांचाही खून झाला.

शिवथर

दुर्बीण, +१. यात एक भर. ‘माफिया का आला?’ याचं उत्तर बरेचदा ‘जिथे जुगार तिथे गुंड’ असं दिलं जातं, ते अपुरं आहे. खरं कारण कर्जाचं. बँका कॅसिनोला कर्ज देत नसत. मोठं बांधकाम, रोख भांडवल आणि जुगारघर चालवायचा अनुभव या तीनही गोष्टी एकत्र असलेली माणसं म्हणजे दारूबंदीच्या काळात दारू आणि चोरटे अड्डे चालवलेली. डेझर्ट इनचं बघा. पाटीवर नाव विल्बर क्लार्क यांचं, त्यांचे पैसे संपल्यावर क्लीव्हलंडचे मो डॅलिट्झ आणि मंडळी आली, १९५० मध्ये हॉटेल उघडलं. पाटी तशीच राहिली. आपल्याकडे ‘बेनामी’ हा शब्द जमिनीला वापरतात, तोच इथे कॅसिनोच्या वाट्याला चपखल लागतो.

पुढे पॅरी टॉमस या बँकरने १९५५ पासून बँक ऑफ लास वेगासमार्फत कॅसिनोंना सरळ कर्ज द्यायला सुरुवात केली. दुसरा मोठा झरा ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनच्या पेन्शन निधीचा. तो वेगळ्या मार्गाने गुंडांच्याच हातात होता.

तराजू

मलई कशी काढत ते मी लिहितो, कारण इथे फार गोळाबेरीज होते.

सगळ्यात सोपा मार्ग: मोजणीच्या खोलीतच पेटीतून गठ्ठे उचलायचे आणि उरलेलं मोजायचं. कागद नाही, खूण नाही. हे चालतं तेव्हा, जेव्हा मोजणारे सगळे एकाच माणसाचे असतात. बाहेरचा एक जरी बसला तरी बंद.

दुसरा: भरण्याची खोटी चिठ्ठी. टेबलावर चिप्स कमी पडल्या की पिटमधून, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्यांकडून, मागणी जाते, तिजोरीवरचा माणूस चिठ्ठी फाडतो, चिप्स ताटलीत लावून पहारेकऱ्याबरोबर पाठवतो, डीलर आणि वरचा माणूस दोघे सही करतात, चिठ्ठीची एक प्रत पेटीत पडते. आता शिवथर यांच्या गणितात ३,००० ची एक खोटी चिठ्ठी घाला. चिप्स टेबलावर आल्याच नाहीत, पण भरणा १० चा १३ झाला. कमाई १०,००० वरून ७,००० दिसणार, आणि तिजोरीतून निघालेले ३,००० खिशात. कागद पूर्ण जुळतो. पकडायचं असेल तर सह्या बघायच्या आणि त्या वेळी त्या टेबलावर खरंच कोण उभं होतं ते पाळीच्या नोंदीशी ताडायचं. १९८३ मध्ये स्टारडस्ट या वेगासच्या कॅसिनोवर नियामकांनी शेवटचा घाव घातला तो अशाच बनावट चिठ्ठ्यांवरून.

तिसरा: उधारी. ओळखीच्या माणसाला ‘मार्कर’वर, म्हणजे उधारीच्या चिठ्ठीवर, चिप्स द्यायच्या, त्याने थोडं खेळल्यासारखं करून बाकीच्या वटवायच्या, उधारी कधीच वसूल करायची नाही, वर्षअखेरीस बुडीत खात्यात टाकायची.

टेबलावर हे लपतं का? टेबलाचा ‘होल्ड’, म्हणजे ड्रॉपच्या किती टक्के कमाई झाली, तो रोज उड्या मारतो. दोन शून्यांच्या रूलेटमध्ये ३८ घरं आणि जिंकल्यास ३५ पट, म्हणजे कॅसिनोचा फायदा ५.२६ टक्के. पण तेच पैसे खेळाडू पुन्हापुन्हा लावतो, त्यामुळे होल्ड २०-२५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि एखादा मोठा खेळाडू जिंकला की त्या रात्री शून्याखाली. एवढ्या चढउतारात रोजची थोडी मलई दिसतच नाही. स्लॉटचं तसं नाही. हजारो मशीन, लाखो फेऱ्या, टक्केवारी महिन्याच्या महिन्याला ठरल्या जागी येते. तिथे चोरी करायची तर आकडा तयार व्हायच्या आधीच करावी लागते.

निळीशाई

आकडा तयार व्हायच्या आधी म्हणजे?

तराजू

म्हणजे काट्यावर. नाणी कोणी एकेक मोजत नसे, वजन करत. पाव डॉलरच्या नाण्याचं वजन ५.६७ ग्रॅम. हजार डॉलरची ४,००० नाणी, २२.६८ किलो. गंमत म्हणजे १९६५ नंतरच्या मिश्रधातूच्या नाण्यांत दहा सेंट घ्या, पाव घ्या, १९७१ पासूनचा अर्धा घ्या, हजार डॉलरचं वजन २२.६८ किलोच भरतं, कारण वजनं किमतीच्या प्रमाणात ठेवली आहेत.

स्टारडस्टवर १९७० च्या दशकात अक्षरशः काटा मारला होता. मोजणीचा काटा सुमारे एक तृतीयांश कमी दाखवायचा. २२.६८ किलो ठेवले की १५.१२ दिसणार, हजारच्या जागी ६६७ डॉलर वहीत, ३३३ मोकळे. आता अडचण बघा. हे ३३३ डॉलर म्हणजे साडेसात किलो धातू. एक लाख डॉलर काढायचे तर सव्वादोन टनांहून जास्त. नाण्यांची गोणी घेऊन मागच्या दाराने जाता येत नाही. म्हणून ती नाणी हॉलमध्येच फिरवली: वहीत नसलेले सुट्ट्या पैशांचे जादा गल्ले मांडले, खेळाडू नोटा देऊन नाणी घेणार, त्या नोटा वेगळ्या कपाटात, तिथून थेट बाहेर. खेळाडूंनीच नाण्यांच्या नोटा करून दिल्या.

मे १९७६ मध्ये नेवाडा गेमिंग कंट्रोल बोर्डाच्या तपासनीसांनी अचानक धाड टाकली आणि हे जादा गल्ले सापडले. स्लॉटचा प्रमुख जे व्हँडरमार्क पळाला तो परत सापडला नाही. साधारण दीड वर्षात ७० लाख डॉलर गेल्याचा अंदाज होता. असली चोरी पकडायचे दोन साधे उपाय: मोजून घेतलेल्या नाण्यांची पिशवी न सांगता काट्यावर ठेवायची, आणि मशीनच्या आतल्या मोजणीयंत्राचा आकडा काट्याच्या आकड्याशी ताडायचा. दोन्हींसाठी काट्याजवळ बाहेरचा माणूस पोचला पाहिजे, आणि घोडं तिथेच अडत होतं.

कोकणवारा

स्टारडस्टचा मालक त्या वेळी कोण होता?

दुर्बीण

कागदावर अ‍ॅलन ग्लिक, त्यांची कंपनी आर्जेंट. १९७४ मध्ये टीमस्टर्स निधीतून ६ कोटी २७ लाख डॉलरचं कर्ज घेऊन स्टारडस्ट आणि फ्रीमाँट विकत घेतले. प्रत्यक्षात हुकूम चालायचा शिकागोच्या टोळीच्या फ्रँक रोझेंथल यांचा. त्यांना परवाना नाकारला गेला, मग ते कधी खाद्यपेय विभागाचे, कधी करमणूक विभागाचे प्रमुख म्हणून मिरवले. खेळाचं गणित जाणणारा माणूस होता, यात शंका नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यांच्या गाडीत बॉम्ब फुटला, ते वाचले, आणि १९८८ मध्ये त्यांचं नाव ‘ब्लॅक बुक’मध्ये गेलं. ही यादी नेवाडाने १९६० मध्ये ११ नावांनी सुरू केली. यादीतल्या माणसाला कॅसिनोत पाऊल टाकता येत नाही आणि त्याला येऊ देणाऱ्याचा परवाना धोक्यात येतो. गायक फ्रँक सिनात्रा यांनी १९६३ मध्ये कॅल-नेवा या कॅसिनोचा परवाना सोडला तो याच कारणाने. यादीतले शिकागोचे माफिया म्होरके सॅम जियांकाना तिथे राहिले होते.

शिवथर

बेनामी वाट्याचा सगळ्यात सुंदर पुरावा एका चिठ्ठीचा आहे. २ मे १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये माफियाचा म्होरक्या फ्रँक कॉस्टेलोवर गोळी झाडली गेली, डोक्याला चाटून गेली. पोलिसांनी खिसे तपासले तर कागदाचा तुकडा. त्यावर २७ एप्रिल १९५७ पर्यंतची कॅसिनोची एकूण कमाई ६,५१,२८४ डॉलर. खाली फोड: मार्कर वजा जाता ४,३४,६९५, स्लॉट ६२,८४४, मार्कर १,५३,७४५. बेरीज करून बघा, डॉलरला डॉलर जुळते. आकडे निघाले लास वेगासच्या ट्रॉपिकानाचे, जे ४ एप्रिलला, महिनाभरही आधी नाही, उघडलं होतं. अक्षर तिथल्याच माणसाचं. कॉस्टेलोचं नाव ट्रॉपिकानाच्या कुठल्याही कागदावर नव्हतं.

दुसऱ्याच्या नावावर धंदा असला की हिशेब घरपोच मागवावा लागतो, विश्वासावर भागत नाही. १९७९ मध्ये पुन्हा तेच घडलं, पुन्हा ट्रॉपिकानातच. कॅन्सस सिटीतल्या टोळीयुद्धाच्या तपासासाठी एफबीआयने एका खानावळीत चोरून ऐकायची यंत्रणा लावली होती, त्यात अचानक वेगासच्या वाट्यांची चर्चा कानावर पडली. धागा पकडून फेब्रुवारी १९७९ मध्ये विमानतळावर पैसे आणणाऱ्याला गाठलं: कोटात ८०,००० डॉलर, चाळीस-चाळीसची दोन पुडकी. त्याच टोळीतल्या कार्ल डीलुनाच्या घरी झडती घेतली तर बारीक अक्षरातल्या नोंदींचा ढीग, तारीखवार, कोणाला किती दिले ते टोपणनावांनी. इतका चोख हिशेब ठेवायचं कारण उघड आहे: प्रत्येक भागीदाराला आपला वाटा मधल्या मधे कोणी खाल्ला नाही याची खात्री हवी होती. त्या नोंदींनीच खटले उभे राहिले. ट्रॉपिकानाचा निकाल १९८३ मध्ये, आर्जेंटचा १९८६ मध्ये.

निळीशाई

म्हणजे पोलिसांनी माफिया घालवला असं म्हणायचं का?

शिवथर

माझं मत: अर्धं श्रेय पोलिसांचं, अर्धं १९६९ च्या कायद्याचं. त्याआधी कॅसिनोच्या प्रत्येक भागधारकाला परवाना लागायचा. शेअर बाजारातल्या कंपनीला हजारो भागधारक, त्यामुळे हिल्टनसारख्या हॉटेल कंपन्यांना दार बंद. १९६७ आणि १९६९ च्या दुरुस्त्यांनी फक्त मोठे भागधारक आणि अधिकारी तपासायचं ठरलं. वाट करून दिली ती अब्जाधीश उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी. नोव्हेंबर १९६६ मध्ये डेझर्ट इनच्या वरच्या मजल्यावर उतरले, मोठ्या खेळाडूंसाठी खोल्या रिकाम्या करा म्हटल्यावर १९६७ मध्ये हॉटेलच १ कोटी ३२.५ लाख डॉलरला घेतलं. मग सँड्स, फ्रंटियर आणि आणखी काही. परवाने देणाऱ्या आयोगापुढे एकदाही हजर न राहता त्यांना परवाने मिळाले, हे मला आजही खटकतं. पण त्यामुळे बाजाराला कळलं की हा पैसा आता प्रतिष्ठित आहे. १९७० मध्ये हिल्टन कर्क कर्कोरियन यांच्याकडून फ्लमिंगो घेऊ लागले. वर्षाला लेखापरीक्षण, तिमाहीला भागधारकांना आकडे. मलई काढली तर शेअरचा भाव पडतो, म्हणून मालकच आकडा फुगलेला बघू इच्छितो. स्वार्थाची दिशाच उलटली.

वाळवंटफूल

एक बाजू राहतेय. हे सगळं घडत असताना स्ट्रिपवर कृष्णवर्णीयांना खेळायला किंवा राहायला प्रवेश नव्हता. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस स्टेजवर गाणार आणि मुक्कामाला शहराच्या पश्चिम भागात जाणार. मे १९५५ मध्ये तिथेच मूलाँ रूज उघडलं, सगळ्यांना खुलं असलेलं वेगासचं पहिलं हॉटेल-कॅसिनो. मुष्टियोद्धे जो लुई दारात स्वागताला. रात्री उशिरा स्ट्रिपवरचे कलाकारच तिथे जमू लागले. तरी नोव्हेंबरपर्यंत बंद पडलं. मार्च १९६० मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे डॉ. जेम्स मॅकमिलन यांनी मोर्चाचा इशारा दिल्यावर त्याच इमारतीत बैठक झाली आणि कॅसिनोंनी दारं उघडायचं मान्य केलं. मोर्चाच्या बातमीने पर्यटक घटतील, ही भीती कामी आली. मालकांच्या यादीत हे नाव येत नाही, पण या इतिहासात मॅकमिलन यांना मी डॅलिट्झच्या वर ठेवेन.

कोकणवारा

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवरून एक विचारतो. अमेरिकेत पाण्यावरचे कॅसिनो अजून आहेत का? आणि महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कोणाला माहीत आहे का?

दुर्बीण

आहेत. आयोवाने १ एप्रिल १९९१ ला नदीवरच्या बोटी सुरू केल्या: एका डावाला कमाल ५ डॉलर, एका फेरीत कमाल २०० डॉलर तोटा. हेतू चांगला, पण शेजारच्या राज्यांनी मर्यादाच ठेवली नाही आणि बोटी सरळ नांगर उचलून तिकडे गेल्या. इमारत पळत नाही, बोट पळते. आयोवाने १९९४ मध्ये मर्यादा काढल्या. मिसिसिपीत बोटी धक्क्याला बांधलेल्याच असत, २००५ च्या कट्रिना वादळाने त्या तराफ्यांसकट किनाऱ्यावर फेकल्या, तेव्हा किनाऱ्यापासून ८०० फुटांपर्यंत जमिनीवर बांधायची परवानगी मिळाली. गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशीनना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना परवानगी देणारी दुरुस्ती झाली.

महाराष्ट्राचा कॅसिनो नियंत्रण व कर कायदाही १९७६ चाच. न्यू जर्सीच्या मतदारांनी अ‍ॅटलांटिक सिटीतल्या कॅसिनोंना कौल दिला तेच वर्ष. तिथे मे १९७८ ला पहिला कॅसिनो उघडला. आपला कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

तराजू

निळीशाई यांनी आजच्या खोलीबद्दल व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं, इथेच लिहितो. नाणी गेली, मशीन आता बारकोडची तिकिटं गिळतं आणि देतं, म्हणजे काटाही गेला. नोटांच्या पेट्या राहिल्या. मोजणारी माणसं बिनखिशाच्या एकसंध पोशाखात असतात. टेबल पारदर्शक, म्हणजे खालून मांडीवर काही सरकवता येत नाही. पेटी उघडली की आतली बाजू कॅमेऱ्याला दाखवून रिकामी झाल्याची खात्री करायची. नोटा यंत्रातून दोनदा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाकडून, आणि पहिला आकडा त्याला सांगायचा नाही. चष्मा सारखा करायला किंवा नाक खाजवायला हात टेबलावरून उचलायचा असेल तर आधी दोन्ही तळवे आणि मग हातांची मागची बाजू कॅमेऱ्याकडे करायची, मगच हात वर. मोजणीचा कागद सही झाल्यावर हिशेब विभाग घेऊन जातो, आणि तिजोरीवाला रोकड स्वतः पुन्हा मोजून घेतो, तेव्हा त्याच्या हातात तो कागद नसतो.